पाटीलबाईची साक्ष

वंदना पोलीस पाटील झाली तेव्हा आमच्या अख्ख्या वस्तीला हसू आलं होतं. मी तर तिच्या तोंडावर हसलो. पालीला भिणारी, विजेला भिणारी, कुत्रं भुंकलं की रस्ता बदलणारी बाई, आणि ती म्हणे गावात कायदा-सुव्यवस्था राखणार! मी तीस वर्षं एसटीत कंडक्टर होतो. माणूस गाडीच्या पायरीवर पाय कसा ठेवतो यावरून मी त्याला ओळखतो. वंदना पायरीवर पाय ठेवण्याआधी विचारायची, "जानराव काका, जागा हाये का?" निम्मी गाडी रिकामी असायची तरी विचारायची.

पण परीक्षेत तिलाच सगळ्यांत जास्त मार्क पडले. नेमणूक पाच वर्षांची, पुढे नूतनीकरण. नवरा पंजाबराव वांगी-टोमॅटो लावतो आणि देऊळगाव राजाच्या बाजारात नेतो. माणूस वाईट नाही, फक्त घरात वाघ आणि बाहेर शेळी. पोलीस पाटलाची पाटी दाराला लागली तेव्हा त्यानेच ती चार वेळा पुसली.

ठाणेदारांचा फोन आला की वंदना उठून उभी राहायची, डोक्यावर पदर घ्यायची आणि मग "हो साहेब" म्हणायची. रोज सकाळी पोलीस पाटलांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गावाचा अहवाल टाकायचा असतो. काही घडलं नसेल तर एकच शब्द लिहायचा, निरंक. वंदनाने साडेचार वर्षं निरंक लिहिलं. गावात भांडणं व्हायची नाहीत असं नाही. पण दोन घरं हातघाईवर आली की ही मध्ये जाऊन रडायला लागायची, आणि हिला गप्प करता करता भांडण राहून जायचं. मी तिची किती टिंगल केली असेल! आता वाटतं, असा पोलीस पाटील जिल्ह्यात दुसरा नसेल.

आमची वस्ती म्हणजे दुसरबीडपासून सहा किलोमीटरवर घरकुलांच्या दोन रांगा. माझ्या घरासमोर पुष्पाबाईचं घर, त्याला लागून वंदनाचं. पुष्पाबाईचा नवरा कधीच वारला. एकुलता एक मुलगा दीपक, वय सव्वीस. संभाजीनगरकडे कंपनीत कामाला होता, तिथून दोन वर्षांपूर्वी परत आला तो वेगळाच होऊन आला. झोपायचा नाही. कुणीतरी आपल्याला न्यायला येणार आहे म्हणायचा. बुलढाण्याच्या सरकारी दवाखान्यातून गोळ्या आणल्या की महिनाभर चांगला राहायचा, आईला पाणी भरू लागायचा, माझ्या ओट्यावर बसून गाड्यांच्या वेळा विचारायचा. गोळ्या संपल्या की पुन्हा तेच. कुणाच्या अंगावर मात्र तो कधी गेला नाही. भिणारं पोर होतं ते.

फेब्रुवारीत पुष्पाबाई वंदनाकडे रडत गेली. पोरगा झोपेत दचकतो, ओरडतो, काय करू? वंदनाने सांगितलं, "मावशी, उशाला इळा ठेवत जा. लोखंड असलं की भेव जाते. माह्या बाळंतपणात माह्या मायनं सव्वा महिना ठेवला होता." आमच्या घरात हे असले प्रकार आजोबांच्या काळातच सोडले. तरी माझ्या सुनेच्या बाळंतपणात तिच्या आईने उशाखाली अडकित्ता सरकवलाच, आणि मी पाहूनही न पाहिल्यासारखं केलं. बाळंतिणीला लोखंड, दचकणाऱ्या लेकराला लोखंड, ही आमच्याकडची जुनी रीत. पुष्पाबाईने गवत कापायचा विळा धुऊन दीपकच्या उशाला ठेवला. खरं सांगायचं तर तो बरा झोपायलाही लागला. विळ्याशिवाय झोपेना.

मार्चमधल्या एका मंगळवारी सकाळी अकराच्या सुमाराला समोरून भांडी फेकल्याचा आवाज आला. पुष्पाबाई कपाळ धरून बाहेर आली, बोटांमधून रक्त येत होतं. गोळ्या संपून आठ दिवस झाले होते. दीपकने लोटा भिरकावला होता, तो आईला लागला. रक्त पाहिल्यावर पोरगाच जास्त भ्याला आणि त्याने आतून कडी लावली. आम्ही खिडकीतून पाहिलं तर तो खाटेवर बसलेला, विळा दोन्ही हातांनी छातीशी धरलेला. "मले नेऊ नका," एवढंच म्हणत होता.

दहा मिनिटांत वस्ती गोळा झाली. किराणा दुकानवाला निवृत्ती म्हणाला, "पाटीलबाई, ठाण्यात कळवा. उद्या काही झालं तं तुमच्यावरच येईन." वंदनाने मोबाईल काढला आणि परत ठेवला. पंजाबरावही म्हणाला, "कळव न, काऊन उभी हायेस?" तेव्हा तिने साडेचार वर्षांत पहिल्यांदा निरंक सोडून दुसरं काही लिहिलं. त्यासाठी ठरलेला नमुना असतो. ठिकाण, वेळ, घटना, जखमी, हत्यार. तिने सगळं बरोबर भरलं. इसम घरात कोंडून बसला आहे. आई जखमी. हत्यार, विळा. एकही अक्षर खोटं नव्हतं. फक्त पोरगा भ्यालेला आहे आणि विळा त्याच्या भीतीसाठीच ठेवलेला आहे, हे लिहायला त्या नमुन्यात जागा नव्हती, आणि नमुन्याबाहेर लिहायची वंदनाची छाती नव्हती.

आम्हाला वाटलं दोन शिपाई येतील. दोन गाड्या आल्या. हेल्मेट, जाळीच्या ढाली, लांब काठ्या, आणि एकाच्या खांद्यावर ते धुराची नळकांडी मारायचं बंदुकीसारखं काहीतरी. पंधरा माणसं होती. वस्तीतल्या बायकांनी लेकरं उचलली आणि दारं लावून घेतली. मी पण माझ्या ओट्यावरून उठून उंबऱ्याच्या आत गेलो. कबूल करायला लाज वाटते, पण गेलो.

ठाणेदारांनी भोंग्यावरून ओरडून सांगितलं, विळा टाक आणि बाहेर ये. भोंग्याचा आवाज ऐकून दीपक आत किंचाळायला लागला. जितका तो किंचाळे तितका भोंगा चढे. पुष्पाबाई ठाणेदारांच्या पायाशी बसली. "साहेब, मले दहा मिनिटं द्या. तुमी गाड्या मांगं घ्या, तो माह्यासाठी दार उघडते. कोनी बुलढाण्याहून गोळ्या आना." एक पोरगा मोटारसायकलवर गोळ्यांसाठी निघालाही होता. ठाणेदार तिला म्हणाले, "आजी, मागच्या वर्षी असंच ऐकलं आणि आमच्या माणसाच्या मानेवर कोयता बसला. बाजूला व्हा." तो माणूसही घाबरलेलाच होता, हे मला दिसत होतं. पण त्याच्या भीतीच्या हातात काठ्या होत्या.

मग त्यांनी विचारलं, "पोलीस पाटील कोण? विळा नक्की आहे ना त्याच्याकडे?"

"हो साहेब," वंदना म्हणाली.

"मागच्या खिडकीकडे जा. त्याला बोलण्यात गुंतवा."

"हो साहेब."

ती घरामागे गेली. आम्ही सगळे पुढे. असे तीन तास गेले. गोळ्यांना गेलेला पोरगा अजून परतला नव्हता. उन्हाने पत्रे तापले होते. आतला किंचाळण्याचा आवाज हळूहळू कमी झाला, मागे वंदना त्याच्याशी बोलत होती. मला वाटलं, निभावलं. तेवढ्यात पुढच्या खिडकीची काच फुटली, फट् असा आवाज झाला आणि पत्र्याच्या त्या एवढ्याशा खोलीतून पांढरा धूर येऊ लागला. लगेच दार तोडलं. आठ जण आत गेले. धुरात काही दिसत नव्हतं, काठ्यांचा आवाज मात्र येत होता. काठी खाटेवर पडली तर वेगळी वाजते, माणसावर पडली तर वेगळी. बराच वेळ ती माणसावर पडत होती. पुष्पाबाईला दोन महिला पोलिसांनी धरून ठेवलं होतं. मी उंबऱ्यातच बसून राहिलो.

दीपकला बाहेर आणलं तेव्हा त्याचा उजवा हात कोपरातून उलटा लोंबत होता आणि गुडघा पाहवत नव्हता. त्याने वस्तीकडे पाहिलंसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी गुन्हा कळला. पोलिसांवर विळ्याने जीवघेणा हल्ला. दीपक आधी दवाखान्यात, खाटेला हातकडी, मग तुरुंगात. जामीन नामंजूर. वकील पुष्पाबाईला म्हणाला, आरोपी विळा घेऊन धावून आला असं कागदावर आहे, हे टिकलं तर पोरगा कितीतरी वर्षं बाहेर येणार नाही, आणि आत त्याच्या डोक्याचं काय होईल ते सांगता येत नाही.

त्यानंतर वस्तीत एकच वाद. मारुतीच्या पारावर, नळावर, निवृत्तीच्या दुकानात. निवृत्ती म्हणे, "इळा घेऊन बसला होता तो! पोलिसांनी काय ओवाळाचं होतं त्याले? आपल्या लेकराबाळात घुसला असता मंग?" मी म्हणे, "बे निवृत्ती, पंधरा मानसं, एक पोट्टा, बंद खोली. दार उघडाले अजून दोन तास लागले असते तं कोनाची गाडी चुकत होती?" तो म्हणे, "तुमी दाराच्या आत होते काका, ते बाहेर होते." हे मला झोंबलं, कारण खरं होतं. मग मी आवाज चढवायचो. रिकामं भांडं जास्त वाजतं, त्यातला प्रकार. शेवटी वादाची गाडी एकाच ठिकाणी येऊन अडायची. दार तुटलं तेव्हा विळा दीपकच्या हातात होता की नव्हता? होता, तर पोलिसांनी स्वतःचा जीव वाचवला. नव्हता, तर भ्यालेल्या पोराची हाडं मोडली. हे सांगू शकेल असं एकच माणूस होतं, मागच्या खिडकीशी उभी असलेली वंदना. आणि वंदना वादात कधी उभीच राहायची नाही. नळावर बोलणं निघालं की अर्धी घागर घेऊन घरी जायची.

याच दिवसांत संध्याकाळी पोलिसांची गाडी वस्तीत चक्कर मारू लागली. कुणी उतरत नसे. वंदनाच्या घरासमोर पाच मिनिटं थांबायची आणि निघून जायची. इंजिन चालू ठेवून. पारावरचा वाद त्या पाच मिनिटांत आपोआप हवामानावर यायचा. माझासुद्धा.

महिना झाल्यावर एका दुपारी मी ओट्यावर लसूण सोलत बसलो होतो, तेव्हा वंदना आली. वाळून अर्धी झाली होती. म्हणाली, "काका, मले कोनाले तरी सांगा लागते. नाही तं मी येडी होईन."

"सांग न बाई."

"इळा त्याच्या हातात नव्हता. त्यानं मले देला."

मी लसणाची ताटली बाजूला सारली. तिने सांगितलं ते असं. तीन तास ती त्याच्याशी बोलत होती. तो लहान असताना ती त्याला कडेवर घेऊन फिरवायची ते सांगत होती. तो हळूहळू खिडकीपाशी आला. ती म्हणाली, दीपक, इळा देऊन दे, तुले कोनी हात लावत नाही, मी हावो न इथं. त्याने विळा गजांमधून तिला दिला. तिने तो घेतला. साहेबांना सांगायला ती वळली, तोच पुढे काच फुटली. ती ओरडली, इळा माह्यापाशी हाये, इळा माह्यापाशी हाये. पण दार तोडायच्या आवाजात ते कुणालाच ऐकू गेलं नाही. दीपक खाटेखाली शिरला, कान झाकून. त्यांनी त्याला खाटेखालीच मारलं. नंतर एक शिपाई मागे आला आणि म्हणाला, पाटीलबाई, तो विळा इकडे द्या. तिने दिला. रात्र व्हायच्या आत ठाण्यात बोलावून जप्तीच्या पंचनाम्यावर पंच म्हणून सही घेतली. आरोपीच्या हातातून विळा जप्त.

"वाचला होता तू तो कागद?"

"वाचला. ठाणेदार साहेब समोरच बसले होते. म्हणाले, वाचून घ्या बाई. म्या वाचला आन् सही केली."

मला तिचा इतका राग आला की मी उठून उभा राहिलो. महिनाभर आम्ही पारावर घसे फाडतोय आणि ही घागर घेऊन पळतेय! पण तिच्याकडे पाहिलं आणि राग तिथेच राहिला. ती थंडीत कुडकुडावी तशी बसली होती, एप्रिलच्या उन्हात. मी तरी कुठला शूर? तिच्या जागी असतो तर कदाचित न वाचता सही केली असती.

"त्या दिवसाच्या चौकशीले एसडीओ मॅडम येऊन राह्यल्या," ती म्हणाली. "माह्या नूतनीकरणाची फाईलबी त्यांच्याच टेबलावर हाये. हे म्हन्तात, पाण्यात राहून माशाशी वैर घेऊ नको. पोरीचं शिक्षन हाये, वावर हाये. ठाण्यातून फोन आला होता, म्हणाले, पाटीलबाई, तुमची सही आहे हे लक्षात असू द्या. आता धरलं तं चावते, सोडलं तं पळते. सांगा काका, कसं करू?"

मला मोठं काहीतरी बोलायला हवं होतं. सुचलं नाही. "मले नाही मालूम बाई," मी म्हणालो. "तू जाशीन तं मी तुह्यासंगं येईन, एवढंच मले जमते."

चौकशी बारा वाजता ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये होती. घटनेला त्या दिवशी त्रेचाळीस दिवस झाले होते. एसडीओ मॅडम, म्हणजे आमच्या प्रांत अधिकारी, टेबलामागे, बाजूला कारकून, भिंतीलगत वस्तीतली माणसं. ठाणेदारांना मॅडमनी बाहेर बसायला सांगितलं होतं, पण त्यांची खुर्ची बरोबर दारासमोर होती, त्यामुळे आतून ते दिसत होते आणि आत बोललेलं त्यांना ऐकू जात होतं. निवृत्तीने त्याचं सांगितलं, मी माझं सांगितलं. उंबऱ्यात होतो हेही सांगितलं. मग वंदनाचं नाव पुकारलं. पंजाबराव माझ्या शेजारी बसला होता. त्याने तिचा हात धरला आणि सोडला.

"विळा त्याच्याकडे कसा आला?" मॅडमनी विचारलं.

"म्याच सांगितला होता मॅडम. उशाला ठेवाले. तो भेत होता म्हणून." हे तर वस्तीतही बऱ्याच जणांना माहीत नव्हतं. कुजबुज झाली.

"बरं. दार तुटलं त्या वेळी विळा कुठे होता?"

वंदनाने दाराकडे पाहिलं. ठाणेदार हातातल्या मोबाईलकडे पाहत होते. तिने डोक्यावर पदर घेतला. आता ही "हो साहेब" म्हणणार आणि बसणार असं मला वाटलं.

"माह्या हातात होता."

"तुमच्या?"

"हाव. त्यानं खिडकीतून देला. म्या म्हटलं देऊन दे, तुले कोनी हात लावत नाही, म्हणून देला. पातं सोताकडं धरलं आन् मूठ माह्याकडं केली. मले लागू नये म्हणून." तिने रिकामी मूठ पुढे करून दाखवली. "मंग त्यायनं त्याले मारलं. त्याच्यापाशी काहीच नव्हतं."

भिंतीपाशी बसलेली पुष्पाबाई उभी राहिली. ती ओरडेल असं वाटलं. ती अगदी हळू म्हणाली, "मंग त्रेचाळीस दिस गप काऊन होती व वंदना? माह्या लेकराचा हात वाकडाच जुडला."

वंदनाने तिच्यापुढे हात जोडले. निवृत्ती खाली पाहत होता. मॅडमनी पुष्पाबाईला बसायला सांगितलं, कागद पुढे ओढला आणि वंदनाला विचारलं, "जप्तीच्या पंचनाम्यावर पंच म्हणून सही तुमचीच आहे?"

"माहीच हाये."

"वाचून केली?"

"वाचून केली."

"हे जे तुम्ही आता सांगताय ते नोंदवलं, तर खोट्या पंचनाम्यावर सही केली म्हणून तुमच्यावरही कारवाई होऊ शकते. पद जाऊ शकतं. गुन्हाही दाखल होऊ शकतो. हे कळतंय ना तुम्हाला?"

"कळते."

दारासमोरच्या खुर्चीवरून ठाणेदार उठले आणि चौकटीत येऊन उभे राहिले. त्यांनी मोबाईल खिशात ठेवला. वंदनाने टेबलाची कड धरली.

"मग, लिहायचं?" मॅडम म्हणाल्या.

"लिहा मॅडम," वंदना म्हणाली. "पन लवकर लिहा. मले लय भेव लागून राह्यलं."

कारकुनाने पेनाचं टोपण काढलं आणि लिहायला घेतलं.